अडवलेले प्रसरण

एक मीटर लांबीची पोलादी पट्टी एका अंश सेल्सिअसने तापली, तर ती साधारण १२ मायक्रॉनने वाढते. म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहून जेमतेम थोडी अधिक. ही वाढ डोळ्यांना दिसत नाही, साध्या मोजपट्टीलाही कळत नाही. तरीही पूल बांधणारे, रूळ टाकणारे, काच ओतणारे, घड्याळे बनवणारे आणि संगणकातील चिपा बसवणारे असे एकमेकांशी फारसा संबंध नसलेले लोक या वाढीचा हिशेब मांडल्याखेरीज कामाला हात घालत नाहीत. शाळेत आपण ‘उष्णतेने पदार्थ प्रसरण पावतात’ हे वाक्य पाठ करतो, पण माझ्या मते त्यातला सर्वांत महत्त्वाचा भाग तिथे सांगायचाच राहून जातो. पदार्थ मोकळा असेल, सगळीकडून सारखा तापत असेल आणि एकाच द्रव्याचा बनलेला असेल, तर तो वाढतो, निवल्यावर पूर्ववत होतो आणि कुणाचे काही बिघडत नाही. बिघडते ते त्याला वाढू दिले नाही तर, किंवा त्याची वाढ शेजारच्या पदार्थापेक्षा कमी-जास्त असेल तर.

आधी ही वाढ मुळात का होते, ते पाहू, कारण याबाबत एक अर्धवट स्पष्टीकरण फार प्रचलित आहे. तापल्यावर अणू अधिक जोराने कंप पावतात, म्हणून त्यांना अधिक जागा लागते, असे सांगितले जाते. कंपने वाढतात हे खरे आहे. परंतु अणूला शेजाऱ्याजवळ जाताना आणि त्याच्यापासून दूर जाताना सारखाच विरोध झाला असता, तर कंपने कितीही मोठी झाली तरी त्याची सरासरी जागा तीच राहिली असती आणि पदार्थ तसूभरही वाढला नसता. प्रत्यक्षात हा विरोध सारखा नसतो. दोन अणू एका मर्यादेपलीकडे जवळ आणू लागलो की त्यांच्यातील प्रतिकर्षण झपाट्याने वाढते, उलट ते दूर जाऊ लागले की त्यांना मागे खेचणारे बल हळूहळू सैल पडत जाते. एका बाजूने उभ्या आणि दुसऱ्या बाजूने पसरट असलेल्या वाडग्यात गोटी हलवावी, तसा हा प्रकार आहे: झोका जितका मोठा, तितकी गोटी पसरट बाजूला अधिक दूर जाते, आणि तिची सरासरी जागा तळापासून त्या बाजूला सरकते. अणूंमधील सरासरी अंतर वाढते ते या असमतोलामुळे.

याच कारणाने ज्या पदार्थातील बंध बळकट, तो पदार्थ कमी वाढतो, आणि सहसा उशिराही वितळतो. टंगस्टन ३,४२२ अंशांना वितळते आणि त्याची वाढ एका मीटरला, एका अंशाला सुमारे साडेचार मायक्रॉन असते. शिसे ३२७ अंशांनाच वितळते आणि ते तेवढ्याच परिस्थितीत सुमारे २९ मायक्रॉन वाढते. हिऱ्याची वाढ जेमतेम एक मायक्रॉन आहे. तांबे १७, पितळ १९, ॲल्युमिनियम २३, साधी काच ९ हे आकडे लक्षात ठेवण्यासारखे आहेत, कारण पुढचे जवळजवळ सगळे प्रश्न या आकड्यांतील फरकांमधूनच उद्भवतात. पॉलिथिनसारख्या प्लास्टिकमध्ये लांबच लांब साखळ्या एकमेकींना अगदी दुबळ्या बंधांनी धरून असतात, त्यामुळे तिथे हा आकडा शंभराच्याही वर जातो.

प्रसरणाविषयी बहुतेकांचा हमखास गोंधळ उडतो तो भोकाच्या बाबतीत. धातूची कडी तापवली तर तिचे भोक लहान होईल की मोठे? धातू आतल्या बाजूलाही पसरेल आणि भोक आक्रसेल, असे सहज वाटते. पण ती कडी एका जागी कापून सरळ केली आहे अशी कल्पना करावी. आता ती एक पट्टी आहे. तापवल्यावर तिची लांबी वाढेल, आणि पुन्हा वाकवून कडी केली की वाढलेल्या लांबीमुळे आतला घेरही मोठाच भरेल. भोक हे जणू त्याच धातूने भरलेले असावे, अशा प्रमाणात वाढते. लाकडी चाकावर लोखंडी धाव तापवून चढवण्याची जुनी रीत याच तत्त्वावर चालते: तापलेली धाव मोठी होते, चाकावर सहज बसते आणि पाणी ओतले की आवळून चाकाचे सगळे सांधे घट्ट धरते. आजही मोठ्या यंत्रांमध्ये बेअरिंग तापवून दांड्यावर सरकवतात. आणि जिथे बाहेरचा भाग तापवणे सोयीचे नसते, तिथे उलट दांडाच उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये बुडवून बारीक करून घेतात. बरणीचे घट्ट बसलेले पत्र्याचे झाकण गरम पाण्याच्या धारेखाली सैल होते, त्यामागेही हेच कारण आहे, पण इथे घाई करणे आवश्यक असते. पत्रा काचेपेक्षा अधिक वाढतो आणि पातळ असल्याने आधी तापतो. काचही तापेपर्यंत वाट पाहिली, तर सगळा फायदा नाही पण बराचसा हातचा जातो.

अशीच एक गोष्ट तापमापीत दिसते आणि ती एकदा तरी स्वतः पाहावी असे मला वाटते. साधी, काचेच्या नळीची तापमापी चांगल्या गरम पाण्यात एकदम बुडवून पाऱ्याच्या किंवा रंगीत अल्कोहोलच्या टोकावर डोळा ठेवावा. द्रवाचा स्तंभ वर चढण्यापूर्वी क्षणभर खाली उतरतो. उष्णता आधी काचेच्या फुग्याला पोहोचते, फुगा मोठा होतो आणि आतला द्रव अजून थंड असल्याने त्याला वाढलेल्या जागेत उतरावे लागते. मग द्रव तापतो आणि स्तंभ झपाट्याने चढू लागतो. म्हणजे आपण जे वाचतो ते पाऱ्याचे प्रसरण नसतेच. ते पाऱ्याचे प्रसरण वजा काचेचे प्रसरण असते. पारा आकारमानाने एका अंशाला दहा हजारांत सुमारे १.८ भाग वाढतो आणि साधी काच सुमारे ०.२७ भाग, म्हणून तापमापी चालते. दोन्ही सारखेच वाढत असते, तर पारा जागचा हलला नसता.

आता अडवलेल्या प्रसरणाकडे येऊ. यासाठी रेल्वेच्या रुळासारखे दुसरे उदाहरण नाही. रुळांच्या तुकड्यांमध्ये उन्हाळ्यातील वाढीसाठी फट ठेवलेली असते, हे आपण सगळ्यांनी वाचलेले आहे. गाडीचा तो ठरावीक खडखडाट त्या फटींवरून चाके जाताना होत असे. परंतु आज बहुतेक महत्त्वाच्या मार्गांवर रूळ एकमेकांना वेल्ड करून किलोमीटरच्या किलोमीटर सलग टाकलेले असतात आणि त्यांत फटी नसतात. मग ते रूळ उन्हाळ्यात जातात कुठे? उत्तर असे की ते कुठेच जात नाहीत. त्यांना वाढूच दिले जात नाही. रूळ स्लीपरला पकडलेला असतो, स्लीपर खडीत रुतलेले असतात, आणि रूळ लांबीने वाढू पाहतो तेव्हा ही सारी यंत्रणा त्याला जागच्या जागी दाबून धरते. फक्त दोन्ही टोकांकडची साधारण शंभरेक मीटर लांबी थोडी पुढे-मागे होते. मधला सगळा भाग स्थिर राहतो.

न झालेल्या या वाढीची किंमत दाबाच्या रूपाने चुकवावी लागते. पूर्णपणे अडवलेले पोलाद एका अंशाने तापले, तर त्यात चौरस मिलिमीटरला जवळजवळ अडीच न्यूटनचा दाब निर्माण होतो. एका मीटरला ६० किलो वजनाच्या रुळाचे छेदक्षेत्र सुमारे ७७ चौरस सेंटिमीटर असते. त्यावरून हिशेब केला तर एका रुळात, एका अंशाला, जवळपास दोन टन वजनाएवढे बल साठते. रूळ टाकतानाच्या तापमानापेक्षा ३० अंश जास्त तापला, तर एका रुळात ५५ टनांच्या आसपास आणि दोन्ही मिळून ११० टनांहून अधिक. या हिशेबात रुळाची लांबी कुठेच येत नाही, हे ध्यानात घ्यावे. रूळ दहा मीटरचा असो की दहा किलोमीटरचा, अडवलेल्या अवस्थेत बल तेवढेच. लांबीबरोबर मोकळी वाढ वाढते. अडवलेली शक्ती लांबीवर अवलंबून नसते. सलग रूळ टाकण्याची कल्पना शक्य झाली ती या एका गोष्टीमुळे, आणि मला ती प्रसरणाच्या संपूर्ण विषयातील सर्वांत देखणी गोष्ट वाटते.

अर्थात हे बल नाहीसे झालेले नसते, ते वाट शोधत असते. लांबीच्या दिशेने वाव नसला तरी आडव्या दिशेने निसटता येते. खडी एखाद्या ठिकाणी कमी असेल, नुकतेच दुरुस्तीचे काम होऊन ती सैल झाली असेल, किंवा वळणावर रूळ आधीच किंचित बाहेरच्या बाजूला ओढ घेत असेल, तर कडक उन्हात तो एकाएकी नागमोडी बाक घेतो. भर उन्हात रुळाचे तापमान हवेपेक्षा १५ ते २० अंशांनी अधिक असू शकते, म्हणून केवळ हवेचा आकडा पाहून अंदाज बांधणे धोक्याचे असते. थंडीत याच्या नेमके उलट होते: रूळ आखडू पाहतो, आखडू शकत नाही, त्यात ताण भरतो आणि वेल्डच्या एखाद्या कच्च्या जागी तो तडकतो. म्हणून रूळ पक्के करताना त्या प्रदेशातील कमाल आणि किमान तापमानांच्या दरम्यानचे एक तापमान ठरवतात, आणि त्या तापमानाला रूळ पूर्ण तणावमुक्त असेल अशा बेताने तो बांधतात. थंड दिवशी हे काम करायचे असेल, तर रूळ सोडवून, यंत्राने ओढून, ठरलेल्या तापमानाला जेवढा लांब असता तेवढा लांब करून मग पकडतात. काही देशांत रुळाच्या कडांना पांढरा रंग लावून त्याचे तापमान काही अंशांनी कमी ठेवण्याची युक्तीही वापरतात.

जिथे अडवणे परवडत नाही तिथे वाट मोकळी करून द्यावी लागते. एक किलोमीटर लांबीचा पोलादी पूल हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत ४० अंशांचा फरक सोसत असेल, तर त्याच्या लांबीत एकूण अर्ध्या मीटरच्या आतबाहेर फरक पडतो. म्हणून पूल खांबांवर घट्ट बांधलेला नसतो. तो काही ठिकाणी रोलरवर किंवा सरकत्या आधारांवर टेकलेला असतो आणि रस्त्यात दात्यांचे प्रसरण-सांधे असतात. वाफेच्या लांब नळ्या मध्येच एका बाजूला चौकोनी वळसा घेऊन पुन्हा सरळ जाताना दिसतात. तो वळसा अडथळा चुकवण्यासाठी नसतो, तर नळी लांब झाली की तो थोडा मिटावा यासाठी असतो. सरकण्याची सोय असूनही घर्षण मध्ये आले, की पदार्थ अडतो, बल साठते, मग तो एकदम थोडासा सरकतो. ऊन उतरल्यावर पत्र्याच्या छपरातून येणारे टक्-टक् आवाज या सरकण्याचे असतात. एसआर-७१ या अमेरिकी टेहळणी विमानात तर सोय इतकी ढळढळीत होती की जमिनीवर उभे असताना त्याच्या टाक्यांतून इंधन ठिबकत असे. ध्वनीच्या तिप्पट वेगाने उडताना तापणाऱ्या टायटॅनियमच्या सांगाड्याला वाव देणारे सांधे कायमचे गळतीबंद ठेवणे जमलेच नव्हते.

वीजवाहक तारांच्या बाबतीत लहान वाढीचा मोठा परिणाम कसा होतो ते आकड्यांतच पाहण्यासारखे आहे. दोन मनोऱ्यांमध्ये ३०० मीटर अंतर आहे आणि तारेला मध्यभागी सहा मीटरचा झोळ आहे, असे धरू. भूमितीने हिशेब केला तर ती तार सरळ रेषेपेक्षा फक्त ३२ सेंटिमीटर लांब असते. आता ऊन आणि तारेतून वाहणारा प्रवाह मिळून ती ३० अंशांनी तापली, तर ॲल्युमिनियम आणि पोलादाच्या त्या तारेची लांबी सुमारे १७ सेंटिमीटरने वाढते. ताण कमी झाल्याने तार जी किंचित आखडते ती सोडून दिली, तर झोळ सहा मीटरवरून जवळजवळ ७.४ मीटर होतो. सतरा सेंटिमीटरच्या वाढीने तार जमिनीकडे एक मीटरहून अधिक खाली येते. १४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिकेच्या ईशान्य भागात आणि कॅनडात पाच कोटींच्या आसपास लोक अंधारात गेले, त्या घटनामालिकेत ओहायो राज्यातील तारा खाली झुकून न छाटलेल्या झाडांना टेकल्या, हा एक महत्त्वाचा दुवा होता. ती झाडे वेळेवर छाटली असती तर तारांच्या झोळाने फारसे काही बिघडले नसते, हेही तितकेच खरे.

द्रवाला अडवले तर परिणाम घन पदार्थापेक्षाही वेगाने समोर येतो. पूर्ण भरलेल्या, हवेचा बुडबुडाही न ठेवता बंद केलेल्या न लवणाऱ्या भांड्यातले पाणी २० अंशांवरून २१ अंशांवर नेले, तर दाब सुमारे साडेचार वातावरणांनी वाढतो. दहा अंशांत सामान्य भांडे टिकणे कठीण. म्हणून गरम पाण्याच्या बंद यंत्रणेत दाब सोडणारी झडप आणि प्रसरणासाठी वेगळी टाकी असते, आणि ती झडप गळते म्हणून बूच मारून बंद करणे हा निव्वळ आत्मघात आहे.

काचेचा प्रश्न निराळा आहे. काचेच्या पेल्यात कढत पाणी ओतले तर पेला बाहेरून कुणी पकडून ठेवलेला नसतो, तरी तो तडकतो. इथे काच स्वतःलाच अडवते. आतला थर तापून वाढू पाहतो, बाहेरचा थर अजून थंड असतो, आणि उष्णता काचेतून सावकाश जात असल्याने ही तफावत काही काळ टिकते. आतला थर दाबला जातो, बाहेरचा ताणला जातो. काच दाब उत्तम सोसते पण ताण सोसत नाही, म्हणून तडा बाहेरून, एखाद्या न दिसणाऱ्या ओरखड्यापासून सुरू होतो. तापलेल्या काचेवर थंड पाणी पडले तर ताण थेट ओल्या पृष्ठभागावरच येतो, आणि तो प्रकार अधिक घातक ठरतो. जाड काच मजबूत म्हणून सुरक्षित, हा समज इथे उलटा पडतो. जाड काचेत आतल्या-बाहेरच्या तापमानांतील तफावत मोठी राहते, तर परीक्षानळी पातळ असल्यामुळेच ज्योतीवर टिकते.

यावर उपाय म्हणजे मुळात कमी वाढणारी काच. जर्मनीत ऑटो शॉट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वाळूत बोरॉनचे ऑक्साइड मिसळून बोरोसिलिकेट काच तयार केली. तिचा आकडा साध्या काचेच्या ९ ऐवजी ३.३ आहे. अमेरिकेत अशा काचेला आधी मागणी होती ती रेल्वेच्या कंदिलांसाठी, कारण तापलेल्या काचेवर पाऊस किंवा बर्फ पडला की ती फुटत असे. त्या कामातूनच पुढे १९१५ मध्ये पायरेक्स ही भट्टीत चालणारी भांडी बाजारात आली. शुद्ध सिलिकाच्या काचेचा आकडा तर ०.५ आहे, ती लालबुंद तापवून पाण्यात टाकली तरी सहसा तडकत नाही.

काच आणि धातू एकमेकांना जोडायचे म्हटले की दोघांचे आकडे जुळवावे लागतात. पहिल्या विजेच्या दिव्यांत तार काचेतून आत नेण्यासाठी प्लॅटिनमसारखा महागडा धातू वापरला जाई, कारण त्याची वाढ काचेएवढीच, म्हणजे ९ च्या आसपास आहे. नंतर लोखंड-निकेलच्या गाभ्यावर तांब्याचे वेष्टन चढवून तोच आकडा स्वस्तात साधला गेला. काँक्रीट आणि पोलाद यांचे जमले ते मात्र निव्वळ नशिबाने: दोघांचीही वाढ दहा ते बाराच्या घरात आहे. काँक्रीटमध्ये ॲल्युमिनियमच्या सळया घालायच्या ठरवल्या असत्या, तर इतर अडचणी बाजूला ठेवल्या तरी दर उन्हाळ्या-हिवाळ्यात सळई आणि काँक्रीट यांची पकड सुटत गेली असती. आजचे जग ज्या बांधकामावर उभे आहे ते अशा योगायोगावर टेकलेले आहे, याची चर्चा फारशी होत नाही.

इलेक्ट्रॉनिक्समध्ये असा योगायोग लाभला नाही. चिपचे सिलिकॉन २.६ ने वाढते आणि ज्या पट्टीवर ती बसवतात ती पंधराच्या आसपास. दोन सेंटिमीटर रुंदीची चिप ६० अंशांनी तापली, तर तिच्या कडेला, म्हणजे मध्यापासून एक सेंटिमीटरवर, चिप आणि पट्टी यांच्यात सात मायक्रॉनहून अधिक अंतराची तफावत पडते. सात मायक्रॉन ऐकायला नगण्य वाटतात, पण त्या दोघांना जोडणारे डाखाचे मणी सुमारे शंभर मायक्रॉनच उंच असू शकतात, आणि यंत्र चालू-बंद होईल तसतसे त्यांना प्रत्येक वेळी तेवढे तिरपे व्हावे लागते. तार पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते, तसेच शेवटी मण्यांचे होते. म्हणून चिपखाली एक कडक राळ भरतात, जी हा ताण सगळ्या तळावर वाटून घेते.

हाच नकोसा फरक कामालाही लावता येतो. वेगवेगळ्या वाढीच्या दोन धातूंच्या पट्ट्या एकमेकींना चिकटवल्या, की तापल्यावर जोडपट्टी कमी वाढणाऱ्या बाजूकडे वाकते आणि विजेचे संपर्क जोडते किंवा तोडते. इस्त्री ठरावीक तापमानाला आपोआप बंद होते ती यामुळे. या द्विधातू पट्टीचा शोध इंग्रज घड्याळजी जॉन हॅरिसन यांच्या नावावर आहे, आणि त्यांना ती हवी होती ती घड्याळासाठीच.

लंबकाच्या घड्याळाचे दुखणे साधे आहे: दांडा तापला की लांब होतो आणि लांब लंबक सावकाश हलतो. पोलादी दांड्याचे घड्याळ एका अंशाने दिवसाला अर्धा सेकंद मागे पडते. ऋतू बदलून दहा अंश वाढले की दिवसाला पाच सेकंद, महिन्याला अडीच मिनिटे. हॅरिसन यांनी १७२० च्या दशकात पोलाद आणि पितळ यांचे दांडे जाळीसारखे आलटून पालटून असे जोडले की पोलाद लंबकाला जितके खाली ढकलते, तितकेच पितळ त्याला वर उचलते. त्यांचेच समकालीन जॉर्ज ग्रॅहम यांनी लंबकाला खाली पाऱ्याचे भांडे लावले. दांडा लांबला तरी पारा भांड्यात वर चढून गुरुत्वमध्य जागेवर ठेवतो.

भरपाईची ही कसरत टाळणारा धातू १८९६ मध्ये शार्ल एदुआर गियोम यांना सापडला. आंतरराष्ट्रीय वजन-माप कार्यालयात ते प्रमाण मीटरसाठी स्वस्त मिश्रधातू शोधत होते आणि लोखंडात ३६ टक्के निकेल मिसळले की वाढ जवळजवळ थांबते, असे त्यांना आढळले: पोलादाच्या बाराऐवजी सुमारे एक. या ‘इन्व्हार’सह निकेल-पोलादांवरील कामासाठी त्यांना १९२० चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. इन्व्हारमध्ये अणूंचा असमतोल नाहीसा झालेला नसतो. तापमान वाढते तशी त्याची चुंबकता कमी होत जाते, आणि चुंबकता कमी झाली की तो धातू किंचित आक्रसतो. ही आक्रस नेहमीच्या वाढीला जवळपास पुरी पडते. म्हणूनच चुंबकता संपते त्या तापमानाच्या पलीकडे, साधारण दोन-अडीचशे अंशांनंतर, इन्व्हारही इतर धातूंसारखाच वाढू लागतो. उणे १६२ अंशांचा द्रवरूप नैसर्गिक वायू वाहणाऱ्या काही जहाजांच्या टाक्यांना आतून मिलिमीटरपेक्षाही पातळ इन्व्हारच्या पत्र्याचे अस्तर असते; साधे पोलाद असते तर तेवढ्या थंडीत ते आखडून वेल्ड उसवले असते. दुर्बिणींच्या आरशांसाठी तर झेरोडूरसारखी काच-सिरॅमिके वापरतात, ज्यांत वाढणारी काच आणि तापल्यावर आक्रसणारे सूक्ष्म स्फटिक एकत्र नांदतात. चिलीतील ‘व्हेरी लार्ज टेलिस्कोप’चे ८.२ मीटर व्यासाचे आरसे या द्रव्याचे आहेत.

तापल्यावर आक्रसणारा सर्वांत परिचित पदार्थ अर्थात पाणी, पण शून्य ते चार अंशांपुरताच. चार अंशांचे पाणी सर्वांत जड असल्याने ते तळाशी राहते आणि तळी वरून गोठतात. इतके सर्वांना ठाऊक असते; मात्र समुद्राला हा नियम लागू नाही, हे सहसा सांगितले जात नाही. समुद्राइतके खारट पाणी गोठेपर्यंत आखडतच जाते, म्हणजेच तापवले की ते नेहमी वाढतेच.

आणि समुद्राला तळ आणि किनारे असल्यामुळे ती वाढ केवळ वरच्या दिशेने होऊ शकते. वरचे ७०० मीटर पाणी एका अंशाने तापले आणि वाढीचा दर दहा हजारांत दोन भाग धरला, तर पातळी १४ सेंटिमीटर चढते. त्यासाठी बर्फाचा एक कणही वितळावा लागत नाही. हवामानबदलावरील आंतरशासकीय मंडळाच्या सहाव्या अहवालानुसार १९७१ ते २०१८ या काळात समुद्राची जी पातळी वाढली, तिच्यातील सुमारे निम्मा वाटा या प्रसरणाचा होता. उरलेल्यात हिमनद्या, हिमस्तर आणि जमिनीवरील पाण्याचे साठे आले. वाढीचा दर सगळीकडे सारखा नाही: शून्याजवळच्या ध्रुवीय पाण्यात तो दहा हजारांत अर्ध्या भागाच्या आसपास, तर २५ अंशांच्या उष्ण समुद्रात जवळजवळ तीन भाग असतो, त्यामुळे तेवढीच उष्णता कुठे शिरते यावर पाणी किती चढेल ते ठरते. पृष्ठभागावरची उष्णता खोल तळापर्यंत पोहोचायला शतके लागतात, म्हणून हवेचे तापमान आज स्थिरावले तरी खालचे पाणी पुढे शेकडो वर्षे तापत आणि वाढत राहील.